राखून ठेवलेला डाव

दारात चपला काढतानाच बेबीला फ्रीजवरची टोपली दिसली, आणि तिचं जेवणावरचं मन उडालं.

"आज जेवताना फोन नाहीत हं," वहिनी टोपली पुढे करत म्हणाली. टोपलीत तिचा आणि दादाचा फोन आधीच पडलेला होता. "बाबांना भेटायला म्हणून येतात सगळे, आणि बसतात आपापल्या फोनात डोकं खुपसून. आज निवांत गप्पा मारू."

दादाच्या घरात निवांत हा शब्द बेबी पहिल्यांदाच ऐकत होती. तिने फोन ठेवला, पण पालथा नाही, उताणा ठेवला. वाजला तर दुरून उजेड तरी दिसला असता. वहिनीने टोपलीवर रुमाल टाकला.

पंचेचाळिशी उलटली तरी या घरात ती बेबीच होती. कंपनीत तिला मॅडम म्हणत, आणि नवी पोरं तिच्या टेबलाजवळून जाताना आवाज खाली आणत. शहरातल्या प्रत्येक नळाचं बिल ज्या जुन्या सिस्टीममधून निघे, ती सिस्टीम बेबीच्या हातात होती. पाणीखात्याच्या संगणक खोलीत बसून बाबांनीच ती लिहिली होती. पुढे खात्याने ते काम कंपनीला दिलं, आणि कंपनीत बेबी होती. बापाची विहीर लेकीच्या वाट्याला आली, असं आई हसून म्हणायची. विहिरीत उतरलेली लेक वर कशी यायची, याचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता.

आज वर्षअखेरचा रन होता. वर्षभराचा हिशेब बंद करून नवी बिलं काढायची, सिस्टीमचं सगळ्यात अवघड काम. आजवर एकाही वर्षअखेरीला बेबी खुर्चीवरून हलली नव्हती. आई शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होती त्या वर्षीसुद्धा ती रन संपवून मगच तिकडे धावली होती, आणि त्यावरून दादाने काय काय सुनावलं ते दोघंही विसरले नव्हते. तोच दादा गेल्या आठवड्यात गोड आवाजात म्हणाला, "शनिवारी रजा टाक. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालंय, सगळे एकत्र जेवू. रन काय, चिऊ बघेल."

चिऊ म्हणजे दादाची मुलगी. दीडेक वर्षापूर्वी कंपनीत लागली आणि थेट बेबीच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. काम शिकायला, असं सांगण्यात आलं. बेबीने तिला शिकवलंही, अगदी हाताला धरून. पण दादा मनुष्यबळ विभागात होता. कुणाला बढती द्यायची आणि कुणाला नारळ, हे त्याच्या टेबलावरून जात असे, आणि यंदा पंचेचाळिशीपुढच्या बऱ्याच जणांना नारळ मिळाला होता. आर्किटेक्टची, म्हणजे सिस्टीमचा आराखडा ठरवणाऱ्याची, बेबीच्या वरची जागा रिकामी होती. बेबीने त्या जागेसाठी तिसऱ्यांदा अर्ज केला होता. आधी दोनदा तिला नकार आला होता. या वेळी तर नकारसुद्धा आला नव्हता, नुसती शांतता होती. आणि ज्या साहेबाचा रजेच्या अर्जावर सही करताना हात दुखे, त्याने तिची आजची रजा तिथल्या तिथे मंजूर केली होती.

दोन अधिक दोन कुणालाही करता आलं असतं. भावाने लेकीला खुर्ची मिळवून द्यायची ठरवलं होतं, आणि खुर्ची रिकामी होण्यासाठी बहिणीला उठावं लागणार होतं.

बाबा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते. त्या चष्म्यामुळे ते कुणाकडे बघतायत तेच कळत नव्हतं.

"बेबी का? ये. फोन आला नाही तुझा आज."

"रन चिऊ करतेय बाबा. एकटी."

बाबांनी मान किंचित वळवली. "आणि बकरा?"

बेबीने मागे वळून पाहिलं. वहिनी ताटं मांडत होती. "नाही सांगितला तिला," ती हळूच म्हणाली.

बकरा ही या बापलेकीची खासगी गोष्ट होती. बाबांनी सिस्टीम लिहिली तेव्हाच्या मशीनला एक खोड होती. रन सुरू झाला की ते पहिला ग्राहक गिळून टाकी, आणि मग पहिल्याचं बिल दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला असं सगळं शहर एकेक घर सरके. म्हणून बाबा आधी एक खोटा ग्राहक घालायचे. मशीनने त्याला खावं आणि बाकीच्यांना सोडावं. तोच बळीचा बकरा. त्याच्या नावावर पाण्याचा एक आकडा घालावा लागे, आणि तो दर वेळी वेगळा असे. आकडा कसा काढायचा ते बाबांनी बेबीलाही कधी सांगितलं नाही. दर महिनाअखेरीला ती फोन करायची, "बाबा, आज किती?" बाबा थोडा वेळ गप्प बसून म्हणायचे, "सतरा टाक." की ती सतरा टाकायची.

वस्तादाने पठ्ठ्याला सगळे डाव शिकवावेत पण एक राखून ठेवावा, हे बाबांचं आवडतं वाक्य होतं. मुलांना पाढे शिकवावेत तसं त्यांनी ते घोकून घेतलं होतं. ज्याच्या हातात गाठ असते त्याला कुणी लाथ मारत नाही, हे दुसरं. बेबीने दोन्ही मानली. चिऊला तिने सगळं शिकवलं, फक्त बकरा तेवढा राखला. आता रन कोलमडेल, फोन वाजेल, साहेबाची पळापळ होईल, आणि मग कोणाशिवाय अडतं ते दादालाही कळेल, असा तिचा हिशेब होता. चिऊची फजिती होणार हे तिला कळत होतं. ती पोर रोज स्वतःच्या आधी आत्याच्या टेबलावर चहा ठेवायची. पण चहा बापानेच ठेवायला सांगितला असेल, असं ती स्वतःला बजावायची.

बाबा शाबास म्हणतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "बघ बाई. तुझं तू," आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

म्हणजे बाबाही फुटले, बेबीला वाटलं. राहतात दादाकडे, खातात वहिनीच्या हातचं. ज्याच्या घरी दाणापाणी त्याचीच बाजू घेणार माणूस.

जेवायला बसल्यावर दादा एकटाच बोलत होता. डॉक्टर कसे चांगले, गल्लीत खड्डे किती झालेत, पलीकडच्या इमारतीची लिफ्ट कशी बंद असते. बेबीच्या ताटातला भात तसाच होता. तिचा एक डोळा रुमालावर होता, आणि वहिनीचा एक डोळा तिच्यावर.

फोन थरथरला. रुमालाखालून उजेड दिसला.

बेबी अर्धी उठली, पण वहिनी आधीच पोचली होती. "माझाच आहे," असं म्हणत ती फोन घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं.

"पाणी आणते," बेबी म्हणाली.

"अगं, तांब्या भरलेला आहे समोर," दादा म्हणाला.

"मला थंड हवंय."

स्वयंपाकघरात तिने फ्रीज उघडून तसाच ठेवला आणि गॅलरीच्या दाराशी कान दिला. चोरून ऐकणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण त्या क्षणी तिला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"नाही गं, तिला काही कळलेलं नाही," वहिनी दबक्या आवाजात म्हणत होती. "फोन माझ्याजवळच आहे तिचा. तू तुझं काम कर. एकदा आजचा दिवस निघाला की झालं."

बेबी परत आली ती पाणी न घेताच. तिने दादाच्या समोर उभं राहून ताट बाजूला सारलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस, दादा. मला इथं डांबून ठेवायचं, तिकडे लेकीला माझ्या खुर्चीत बसवायचं. तोंडावर सांगायचं होतंस की, बेबी, तुझे दिवस भरले. मी स्वतः उठले असते."

"खाली बस आधी."

"नाही बसत! आई दवाखान्यात असताना मी रनला बसले म्हणून तू वर्षभर बोलला नाहीस माझ्याशी. आज तोच रन सोडून ये म्हणतोस. एवढं प्रेम उतू चाललंय?"

वहिनी गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने दादाकडे पाहून मान हलवली, सांगून टाका, अशी. दादाने हात पुसले.

"ऐक मग. मागच्या दोन्ही वेळा तुझा अर्ज का मागे आला, माहितेय? तुझ्या कामात खोट होती म्हणून नाही. साहेब मला म्हणाला, तुमच्या बहिणीला वर घेतलं तर खाली कोण बघणार? पायाचा दगड उपसून कुणी कळसाला लावत नाही. तुझ्या बरोबरीचे सगळे वर गेले बेबी, कारण त्यांच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. तुझ्यावाचून अडतं, म्हणून तू तिथेच आहेस."

बेबीचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला.

"चिऊला दुसरीकडे चांगली जागा मिळत होती. नव्या कामावर. मी तिला म्हटलं, आधी आत्याचं काम शीक, तिला मोकळी कर. पोरगी एका शब्दाने नाही म्हणाली नाही. या वेळी साहेबाने अट घातली. वर्षअखेरचा रन तुझ्याशिवाय, तुझ्या एकाही फोनशिवाय नीट झाला, तर सोमवारी आर्किटेक्टची जागा तुझी. नाही झाला, तर बाहेरचा माणूस घेणार. तो ठरलेलाही आहे. तुला आधी सांगितलं असतं तर तू मागून हात लावल्याशिवाय राहिली असतीस का?"

नसती राहिली, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. बेबी खुर्चीवर बसली. इतके दिवस जपून ठेवलेला संशय एका दमात गळून पडला, आणि त्याच्याखाली उरला तो तिने राखलेला बकरा.

"दादा," ती म्हणाली, "रन सुरू झालाय?"

"केव्हाच. अर्ध्याच्या वर झाला, आत्ता तेच सांगत होती चिऊ."

"थांबवायला सांग."

"का?"

मग बेबीने बकऱ्याचं सगळं सांगितलं. ती सांगत होती आणि दादाचा चेहरा उतरत होता. शेवटी ती म्हणाली, "मी मुद्दाम नाही सांगितलं तिला. मला वाटलं तुम्ही सगळे माझ्या मुळावर उठलात."

वहिनी आजवर नणंद-भावजयीच्या कुठल्याही भांडणात कधी आवाज चढवून बोलली नव्हती. आज तिचा आवाज चढला. "माझ्या पोरीला तू खड्ड्याकडे चालत जाऊ दिलंस? शहरभर चुकीची बिलं गेली की नाव कुणाचं येणार? आत्या, आत्या करत मागे फिरते ती तुझ्या!"

"फोन करा तिला वहिनी. मी सांगते काय करायचं ते."

"तू बोललीस की अट मोडली," दादा म्हणाला. "सोमवार गेला."

"जाऊ दे सोमवार! पोरीचं नाव तरी वाचेल."

तिने टोपलीकडे हात नेला, आणि तेवढ्यात बाबा खोकले.

बाबांना काळ्या चष्म्यातून तिघांच्या नुसत्या सावल्या दिसत होत्या. एक टोपलीशी, एक दाराशी, एक मध्ये. गप्प बसलो तरी कुणाचं वाकडं होणार नाही, हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं. रन नीट पार पडणारच होता. पण बेबीने फोन केला असता तर तिचा सोमवार बुडाला असता, आणि तो बुडवणारे ते ठरले असते. आयुष्यभर लेकीच्या नजरेत ते वस्ताद होते. ते सोडायचं त्यांच्या जिवावर आलं. तरी ते बोलले.

"फोन करू नकोस, बेबी. बकरा लागत नाही."

"म्हणजे?"

"ती खोड मशीनची होती. नवं मशीन आलं तेव्हाच गेली. तू नोकरीला लागून एखादं वर्ष झालं असेल."

"बाबा, काहीतरीच काय सांगता? दर महिन्याला तुम्ही आकडा सांगता मला."

"हो."

"तो आकडा कुठून यायचा?"

बाबांनी चष्म्याची काडी बोटांनी चाचपली. "तोंडाला येईल तो."

 दादा खुर्ची मागे सारून बाबांकडे वळला.

"तू आईला फोन करायचीस," बाबा म्हणाले. "मी उचलला की म्हणायचीस, बाबा, आईला द्या. दर वेळी. मी द्यायचो. काय बोलणार होतो मी तरी? बकऱ्याचा आकडा मात्र माझ्याकडेच होता. तेवढ्यापुरतं तुला माझ्याशीच बोलावं लागायचं. म्हटलं, राहू दे."

बेबीला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता आणि ठेवता येत नव्हता. सकाळपासून तिने घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला होता, आता जीभ आवरायचं तंत्र तिला आठवेना. "माझी जागा वाचवायला खोटं बोलताय? रन बिघडला तर चिऊ भोगेल, बाबा. खरं सांगा."

"खरं आहे."

"शपथ घ्या."

"आता तुला शपथ लागते का," बाबा म्हणाले.

चौघं बसून राहिली. ताटातलं वाळून गेलं. वहिनीने एकदा उठून बाबांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, पण नेहमीसारखं "वर बघा हं" म्हणाली नाही. मधे मधे दादा बहिणीकडे बघायचा, बहीण बापाकडे आणि बाप काळ्या काचांतून कुठेतरी. टोपलीवर आता रुमाल नव्हता. बेबीच्या मनात एकच होतं, खालच्या गल्लीतल्या पहिल्या घराचं बिल दुसऱ्या घरात जातंय, दुसऱ्याचं तिसऱ्यात.

फोन वाजला तेव्हा वहिनीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"झालं!" चिऊ जवळजवळ ओरडलीच. "सगळं झालं. पाहिजे तेवढी बिलं उलटसुलट तपासली, एकही सरकलेलं नाही. साहेब इथंच उभे होते. ते म्हणाले, सोमवारी आत्याला वर केबिनमध्ये पाठवा. आई, सांग ना आता तिला! आहे का ती तिथे?"

दादाने कपाळावरचा घाम पुसला आणि चक्क हसला. बेबीने फोन हातात घेतला, स्पीकर बंद केला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं.

"चिऊ, मी बोलतेय. मला कळलं सगळं. तुला एक सांगायचंय. मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती."



"खोटा ग्राहक ना?" चिऊ म्हणाली. "माहितेय मला. जुन्या सगळ्या रनमध्ये दिसतो तो. मी चाचणीच्या मशीनवर दोन्ही तऱ्हेने बघितलं, घालून आणि न घालता. काही फरक पडत नाही, म्हणून सोडून दिला."

"मग विचारलं का नाहीस मला?"

"विचारणार होते. मग वाटलं, आत्या सांगेल." तिचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. "काल तू निघेपर्यंत थांबले होते मी. तू पर्स घेतलीस आणि गेलीस."

बेबीने कठड्याला धरलं. खाली गल्लीत कुणीतरी नळाखाली गाडी धूत होतं. माफ कर, हे शब्द तिने घरात कधी कुणाला म्हटले नव्हते. बाबांनी ते शिकवलेच नव्हते.

"माफ कर मला, चिऊ," ती म्हणाली.

"हो," चिऊ म्हणाली. मग म्हणाली, "सोमवारी चहा तू आणायचा."

बेबी आत आली तेव्हा दादा आणि वहिनी स्वयंपाकघरात अन्न गरम करत होते, आणि भांड्यांचा आवाज मुद्दाम मोठा करत होते. बाबा तिथेच होते. ती त्यांच्या पायाशी छोट्या स्टुलावर बसली.

"दोनदा, बाबा," ती म्हणाली. "दोनदा जागा गेली माझी. साहेब विचारायचा, तुमच्याशिवाय चालेल का? आणि मी छाती पुढे काढून सांगायचे, शक्यच नाही, त्यातली एक गोष्ट फक्त माझे वडील जाणतात. किती मिरवलं मी ते!"

"कळतंय मला."

"नाही कळत. राग येतोय मला तुमचा. आणि मी तेच केलं त्या पोरीला, त्याचा जास्त येतोय."

बाबा मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते आणि औषधाने चिकट झाले होते. त्यांनी ते मिचकावून तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला.

"म्हणजे आता महिनाअखेरीला तुझा फोन येणार नाही."

"नाही," बेबी म्हणाली. तिने त्यांच्या हातातून चष्मा घेतला आणि पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला. "आता फोन तुम्ही करायचा. काही काम नसताना. आणि मी 'वहिनीला द्या' म्हणणार नाही."

बाबा विचारात पडले. काम नसताना त्यांनी जन्मात कुणाला फोन केला नव्हता.

"आणि बोलायचं काय?" त्यांनी विचारलं.

बेबीला ते माहीत नव्हतं.